उकिडवं बसता आलं पाहिजे

“आता निवांत बसा,” असं जो तो सांगायला लागला, तेव्हा फरशीवाल्याचं डोकं फिरलं.

सांगणारे काही वैरी नव्हते. बायको सांगत होती, सासूबाई सांगत होत्या, आणि मेहुणा तर खुर्ची घेऊन दारात उभाच होता. मेहुण्याचं फरश्यांचं दुकान. “गल्ल्यावर बसायचं भावोजी. गिऱ्हाईक आलं की दोन नमुने दाखवायचे. डोक्यावर पंखा आहे. अजून काय पाहिजे माणसाला?” डावा पाय गुडघ्याखाली वीतभर राहिलेला, बाकीचा गेलेला. अशा माणसाला पंख्याखालची खुर्ची मिळाली म्हणजे देव पावला, असं कुणालाही वाटेल. ह्याच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण सोपं होतं. बाकीचं जग काम संपल्यावर बसतं. फरशीवाल्याचं काम बसल्यावर सुरू होतं. मिसरूड फुटल्यापासून हा माणूस उकिडवा बसून जगला होता. टाचा जमिनीला, गुडघे काखेत, एका हातात थापी, दुसऱ्यात रबरी हातोडी, आणि फरशी घालत घालत, बसल्या बसल्या मागे सरकत जायचं. घरंच्या घरं त्यानं अशी मागे सरकत घातली होती. उभा राहायचा तो फक्त कंबर मोकळी करायला आणि भांडायला. त्याच्या बायकोचं म्हणणं, दुसऱ्या कामाला जास्त वेळ जायचा.

“मला बसायला सांगू नका!” तो ओरडायचा. “मला बसता येत नाहीय, हेच तर रडगाणं आहे माझं!”

यावर घरातले एकमेकांकडे बघायचे आणि मेहुणा खुर्ची आणखी जरा पुढे सरकवायचा.

हा ‘बसणं’ शब्दच मेला मुलखाचा लबाड. ज्याच्या हातात जाईल त्याचा होतो. फरशीवाल्याची बायको कपडे शिवायची. एखाद्या गिऱ्हाइणीच्या अंगावर खांदा बरोबर बसला की तिला दिवसभर जेवण नको. त्याच घरात पोरगी वही फेकून देत म्हणायची, “आई, हे गणित डोक्यात बसतच नाही.” कामावर गेलं तर तिथला सुतार, वल्ली माणूस, दार चौकटीत बसलं की त्याला एक थाप मारायचा आणि म्हणायचा, “बसलं गं बाई माझं.” जणू लेक सासरी रुळली. रंगाऱ्याचा रंग भिंतीवर नीट बसला तर तो खुशीत येऊन गायला लागायचा, आणि इतक्या वरच्या पट्टीत गायचा की संध्याकाळपर्यंत त्याचा गळा बसायचा. आणि ठेकेदारासमोर तर हा शब्द काढायची सोयच नव्हती. त्याच्या बापाचा धंदा असाच एकदा बसला होता, तो पुन्हा उठला नाही. “साहेब, दार बसलं,” असं सुतार म्हणाला, की ठेकेदार दचकायचा आणि मग चिडून म्हणायचा, “लागलं म्हण, जमलं म्हण, दुसरा शब्द नाही का रे तुझ्याकडे?”

आणि फरशीवाल्यावर तर ह्या शब्दानं दावाच साधला.

एका नव्या इमारतीच्या अंगणात पाइपासाठी चर खणून बुजवला होता. माती वरून घट्ट दिसत होती, पण खाली भुसभुशीत. दगडी लाद्यांनी भरलेली लॉरी मागे येत होती, फरशीवाला बाजूला उभा राहून लाद्यांच्या कडा बघत होता. एरवी बसणारा माणूस, नेमका त्या वेळी उभा. मागचं चाक चरावर आलं आणि लॉरीवाला ओरडला, “बसली! जमीन बसली!” तोवर लाद्या घसरल्या होत्या.

सुतार आणि रंगारी धावले. दोघांनी नुसत्या हातांनी लाद्या उचलल्या. सुतारानं सकाळीच लावलेलं दार बिजागरीतून उपटून आणलं, त्यावर ह्याला निजवलं आणि दोघं ते दार घेऊन रस्त्यापर्यंत पळाले. सारी वाट हा आईच्या नावानं टाहो फोडत होता आणि मध्येच दोघांना शिव्या घालत होता. जीव वाचला. पाय नाही वाचला.

आता खरं तर अशा माणसांना डोक्यावर घ्यायचं. ह्यानं काय केलं? ते भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून पडायचा. कृतघ्न म्हणा हवं तर, पण तसा तो नव्हता. आपल्याला लहान पोरासारखं रडताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हे त्याला समजत नव्हतं. ते दोघं वहिनींच्या हातचा चहा प्यायचे, पोरीला चिडवायचे, “येतो रे,” असं त्याच्या पाठीला सांगायचे आणि जायचे. पुढच्या आठवड्यात परत हजर.

अपघाताच्या दिवसापासून घरात एक नियम झाला: मला कुणी उचलायचं नाही. कुबड्या घेईन, सरपटेन, जिना बुडावर घासत चढेन, पण कुणी हात लावायचा नाही. बायकोनं एकदा काखेत हात घातला तर त्यानं असा झटकला की तिच्या हातातली बरणी फुटली. ती खाली वाकून काचा वेचत राहिली. तिचं ते वेचणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं, पण नियम काही बदलला नाही.

कृत्रिम पाय बनवण्याच्या केंद्रात एक बाई होती. तिला सगळे पायताई म्हणायचे. तिच्या कोपरापर्यंत कायम प्लास्टर लागलेलं, केसांतसुद्धा. तिच्या खोलीत एका भिंतीला पाय टांगलेले आणि मध्ये चालण्याचा सराव करायला दोन आडव्या नळ्या. तिनं फरशीवाल्याच्या उरलेल्या पायाचं माप घेऊन सॉकेट बनवलं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात जातो ती खोलगट वाटी. त्याला खाली नवा पाय जोडला आणि ह्याला उभं केलं.

“बसला का?” तिनं विचारलं.

झालं! तोच शब्द. फरशीवाल्याच्या कपाळावर आठी.

“कुठं रुततंय का? कुठं ढिलं वाटतंय?” ती म्हणाली. “चालून दाखवा बरं.”

तो चालला. नळ्या धरून चालला, मग न धरता चालला. पायताईचा चेहरा उजळला. “छान बसलाय! पहिल्या खेपेला इतका छान क्वचित बसतो कुणाला.”

आणि मग तो खाली बसायला गेला. गुडघा अर्धा दुमडतोय तोच सॉकेटची मागची कड गुडघ्याच्या लवणीत सुरीसारखी घुसली. तो कळवळून नळीला लोंबकळला.

“अहो, खाली कशाला बसताय?” ती धावली. “खुर्ची आहे ना इथं.”

“तुम्हीसुद्धा!” तो असा ओरडला की शेजारच्या खोलीतून दोन माणसं डोकावली. “सगळ्यांना मला खुर्चीत घालायची घाई! अहो, मी काय चालायला पाय मागतोय? चालून जाऊ कुठं? मला बसायचंय! खाली! जमिनीवर! तिथं माझं पोट आहे!”

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मिळालंय ते घ्या आणि निघा. पायताईनं डोकावणाऱ्यांच्या तोंडावर दार लावलं. मग म्हणाली, “बरं. कसं बसता ते दाखवा.”

त्यानं कृत्रिम पाय काढला, नळी धरली आणि चांगल्या पायावर उकिडवा बसून दाखवलं. ती त्याच्यासमोर तशीच उकिडवी बसली. मग वाकून, जवळजवळ जमिनीला गाल टेकवून तिनं त्याचा गुडघा, टाच, मांडी सगळं खालून निरखलं.

“आजवर मी माप घेतलं ते माणसाला खुर्चीत बसवून,” ती म्हणाली. “आणि तो चालला की मी खूश. तुम्ही पहिलेच, ज्यांना चालता आलं तरी आनंद नाही.” मग हसली. “थांबा. ही वाटी मोडीत. नव्यानं करू.”

नव्यानं केली. मागची कड खाली घेतली, तर सॉकेट चालताना ढिलं पडलं. कड वाढवली, तर परत रुतलं. घोट्याजवळ पाऊल वाकेना, म्हणून तिनं ते बदललं, तर पाऊल इतकं वाकलं की फरशीवाला तोंडावर आपटता आपटता वाचला. दर खेपेला हा वैतागायचा आणि ती म्हणायची, “वैतागा. पण परवा या.” घरी तिचीसुद्धा पोरं वाट बघत असणार, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं.

आणि एक दिवस तो खाली गेला. गुडघा दुमडला, दुमडतच गेला, टाच जमिनीला लागली आणि टेकून राहिली. काही टोचलं नाही. हात मोकळे. त्यानं दोन्ही हात पुढे धरून पाहिले, उलटे केले, सुलटे केले. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“उठा आता,” थोड्या वेळानं पायताई म्हणाली.

“नाही उठत,” तो म्हणाला.

तिचे आभार तर मानायचे होते. म्हणून त्यानं बसल्या जागी, सवयीनं, बोटाच्या पेरानं जमीन वाजवली आणि म्हणाला, “ताई, तुमच्या ह्या दोन फरश्या पोकळ आहेत. मी येऊन नीट घालून देईन. पैसे नाही घेणार.”

“या की,” ती म्हणाली. तिलाही जे समजायचं ते समजलं. “आणि हे बघा, कड खाली घेतलीय, तेव्हा सॉकेट बसताना सुखाचं, पण निसटायलाही सोपं. मांडीवरचा हा पट्टा कधी सोडायचा नाही.”

“नाही सोडत,” तो म्हणाला. आपण सगळेच डॉक्टरांना म्हणतो तसं.

ठेकेदार काही धर्मशाळा चालवत नव्हता. त्यानं नवा पाय पाहिला, माणूस पाहिला आणि म्हणाला, “मला तुझं वाईट वाटतं, पण वाईट वाटून फरशी लागत नाही. त्या मागच्या बंगल्यातली तळमजल्याची खोली घे. एकट्यानं कर. संध्याकाळी मी येऊन बघेन. जमली तर पुढची सगळी घरं तुझी. नाही जमली तर मेहुण्याच्या दुकानात बस, मी स्वतः येऊन तुझ्याकडून माल घेईन.”

म्हणजे सगळं त्या एका खोलीवर आलं. बायकोनं सकाळी डबा दिला आणि दारात जरा जास्त वेळ उभी राहिली. बंगल्यावर सुतार वरच्या मजल्यावर कपाटं लावत होता, रंगारी जिन्याला पुट्टी करत होता. दोघांनी त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण खोलीत फरश्यांची चळत खिडकीच्या भिंतीला आधीच रचून ठेवलेली, शेजारी चिकटवायच्या मसाल्याच्या गोण्या, पाण्याची बादलीसुद्धा भरलेली. हे कुणाचं काम हे विचारायची गरज नव्हती. त्याला आधी राग आला, आणि मग रागाला करायला काही काम नव्हतं, कारण त्या गोण्या त्याला वाहता आल्याच नसत्या.

त्यानं आधी दारापासून फरश्या मसाल्याविना कोऱ्याच मांडून पाहिल्या. दारात अख्खी फरशी यायला हवी, तुकडे गेले तर पलीकडच्या भिंतीला जावेत, म्हणजे आत येणाऱ्याच्या डोळ्यात अख्खी फरशी भरते. हे बरोबर. इथवर सगळं शास्त्रानं झालं.

आता ह्यापुढचं शास्त्र असं, की घालायला सुरुवात करायची दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीला. म्हणजे मागे सरकत सरकत शेवटी दारातून आपण बाहेर. हे कालचा शिकाऊसुद्धा जाणतो. पण तसं बसलं की दाराकडे पाठ होते. आणि फरशीवाल्याला दाराकडे पाठ नको होती. कुणीतरी दारात येऊन उभं राहील, आपली पाठ, आपलं ते कुंथत खाली जाणं, वाकडा पडलेला पाय बघेल आणि न बोलता निघून जाईल, हे त्याला सोसणारं नव्हतं. यायचंच असेल तर समोरून या. म्हणून तो दारापाशीच, दाराकडे तोंड करून, उकिडवा बसला आणि पहिली फरशी तिथंच घातली.

एक बसली. रबरी हातोडीनं वाजवली. भरीव. दुसरी घातली. भरीव. सांधा सरळ. हात काही विसरले नव्हते! त्यानं मसाला ओढला, दातेरी थापीनं त्यात सऱ्या पाडल्या, फरशी टेकवली, दाबली, हलकेच हलवली, ठोकली, आणि मागे सरकला. नवा पाय पण सरकला. जरा घसटत, जरा कुरकुरत, पण सरकला. मध्ये पट्टा मांडीला काचायला लागला. त्यानं दाराकडे एक नजर टाकली आणि पट्टा सोडला. हं, आता कसं! तो हलक्या आवाजात रंगाऱ्याचं एक गाणं म्हणायला लागला, रंगाऱ्याहून वाईट. वरून सुताराची हातोडी, जिन्यावरून खरवडणं, आणि खाली हा. कैक महिन्यांनी तो त्या आवाजांत होता. अरे, किती बरं वाटतं माणसाला! त्यानं डबा खाल्ला नाही, पाणी प्यायला नाही, उभा राहिला नाही. उभा राहिलो आणि परत खाली बसता आलं नाही तर, अशी एक भीती होती मनात. पण त्याहून जास्त होता तो निव्वळ आनंद. आनंदात माणूस जितका गाढव होतो तितका दुःखात होत नाही.

त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. भिंत.

त्यानं समोर पाहिलं. दारापासून त्याच्या गुडघ्यापर्यंत ओल्या मसाल्यावर घातलेली, आरशासारखी सपाट, नवी कोरी फरशी. उद्यापर्यंत मांजरानंही पाय ठेवायचा नाही अशी. आणि हा खिडकीखाली, दोन ओळींच्या उघड्या जमिनीवर, चळतीतल्या उरलेल्या फरश्यांच्या शेजारी.

“अरे देवा,” फरशीवाला म्हणाला.

दोन पाय असते तर खिडकीवर उडी मारून कुणाला न कळता पसार झाला असता. आता तो उठला तेच मुश्किलीनं, भिंत धरून. खिडकीचा कट्टा त्याच्या छातीशी होता. त्यानं हात टेकून अंग वर उचलायचा प्रयत्न केला, नवा पाय लोढण्यासारखा खाली ओढत होता. परत केला. तिसऱ्यांदा केला आणि परत खाली आला. संध्याकाळ होत आली होती. ठेकेदार कुठल्याही क्षणी येणार. आणि येऊन काय बघणार? पोराटोरांनी करावी अशी चूक, आणि त्या चुकीत अडकलेला म्हातारा बैल. फरशीवरून चालत जावं तर काम मातीत. न जावं तर अब्रू मातीत.

एवढ्यात खिडकीला बाहेरून सावली आली. ग्रिल बसवणारा लोहार ग्रिल खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं आत पाहिलं, ह्याला पाहिलं, फरशीकडे पाहिलं, परत ह्याला पाहिलं.

“मी ग्रिल लावू,” तो म्हणाला, “की तुम्ही आधी बाहेर येणार?”

ह्यानं लोहाराकडे पाहिलं, मग ओल्या फरशीपलीकडच्या दाराकडे. मग महिनोन्‌महिने जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. त्यानं हाका मारल्या. सुताराला, रंगाऱ्याला, दोघांना नावानं, घसा फाडून.

दोघं जिन्यावरून धडाधडा आले आणि दारात थबकले. रंगाऱ्यानं एक पाय आत टाकलाच होता, सुतारानं त्याची कॉलर धरून मागे ओढला. मग सुताराच्या मिशा हलायला लागल्या.

“हसलास तर बघ,” फरशीवाला म्हणाला.

“हसतोय कुठं,” सुतार म्हणाला, आणि दाराची चौकट धरून इतका हसला की खाली बसला. रंगाऱ्याचं तर हसताना पुट्टीचं भांडं सांडलं. आणि फरशीवाल्याला, स्वतःचंच नवल वाटलं, हसू फुटलं. पोट धरून, भिंतीला टेकून तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा तिघं एकमेकांकडे सरळ बघत होते.

दोघं घराला वळसा घालून खिडकीशी आले. सुतारानं एका काखेत हात घातला, रंगाऱ्यानं दुसऱ्या. त्या दोन हातांचा स्पर्श झाल्याबरोबर ह्याचं अंग आखडलं. त्याला तो दिवस आठवला, ते दार, ती पळापळ. सुताराला ते हातात कळलं असावं. तो थांबला. “उचलू का रे?” त्यानं विचारलं.

“उचला,” फरशीवाला म्हणाला.

त्यांनी उचललं. तो वर आला, कट्ट्यावर पोट, मग मांड्या, आणि मध्येच कुठेतरी एक फुस्स असा आवाज झाला. पट्टा सोडलेला होता ना! पाय निसटला आणि खाली खिडकीच्या भिंतीला टेकून उभाच राहिला, चप्पल घालून, जणू त्यालाच अजून काम बाकी होतं.

“तुझा पाय राहिला,” रंगारी म्हणाला.

तितक्यात पुढच्या बाजूनं ठेकेदाराचा आवाज आला. “अरे, फरशी आहे, पाय आहे, माणूस कुठाय?”

लोहार पाय काढायला आत वाकला. “राहू दे तो,” फरशीवाला म्हणाला. “फरशी दारातून बघायची असते. मला दाराशी न्या.”

“असाच?” सुतारानं विचारलं.

“असाच. उचलून न्या.”

मग दोघांनी हातांची पालखी केली, त्यात त्याला घेतला, आणि तो दोघांच्या गळ्यात हात टाकून विटांचे ढीग, वाळू, पाण्याचा नळ ओलांडत पुढच्या दारी आला. ठेकेदार उंबरठ्याशी वाकून किल्लीच्या टोकानं फरश्या वाजवत होता. एक, दुसरी, हात पोचेल तिथवर सगळ्या. मग डोळा जमिनीला लावून त्यानं सांध्यांच्या रेषा पाहिल्या. त्याला दोष सापडला नाही, हे त्याच्या नाराज चेहऱ्यावरून कळलं.

“एकट्यानं म्हणालो होतो मी,” तो ह्या तिघांकडे बघत म्हणाला.

“खोली एकट्यानंच केली, साहेब,” रंगारी म्हणाला. “दोघं लागले ते बाहेर काढायला.”

“हं.” ठेकेदारानं किल्ली खिशात टाकली. “त्या दोन ओळी उद्या पुऱ्या कर. मग वरचा मजला घे. आणि तोंड कुणीकडे करून बसायचं ते रोज सकाळी ह्या दोघांना विचारत जा, नाहीतर एखाद्या दिवशी स्वतःला भिंतीत चिणून घेशील.”

तो गेला. फरशीवाल्यानं मग पहिल्यांदा आपली फरशी दारातून पाहिली. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आडवं पडलं होतं, फरशीभर पसरलं होतं, कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. आपण केलं हे, त्याला वाटलं. मग त्याला गोण्या दिसल्या, बादली दिसली, पायताईनं खाली घेतलेली कड दिसली, फुटलेल्या बरणीच्या काचा वेचणारी बायको दिसली, आणि आपण म्हणजे नक्की कोण कोण, ह्याचा त्याला हिशेब लागेना.

“त्या दिवशी मी तुम्हाला शिव्या घातल्या,” तो म्हणाला.

“घातल्यास,” सुतार म्हणाला. “काही तर नव्याच होत्या.”

“तरी सोडलं नाहीत तुम्ही मला.”

“सोडणार कसं? दार नवं होतं. पडलं असतं तर पैसे कोण देणार?”

फरशीवाला हसला नाही. त्यानं दोघांच्या गळ्यातले हात जरा घट्ट केले. “तुम्ही होतात, म्हणून मी आहे,” तो म्हणाला. “मला हे आधीच म्हणायचं होतं. रोज म्हणायचं होतं. तुम्ही यायचात आणि मी भिंतीकडे तोंड करायचो, तेव्हापण हेच म्हणायचं होतं.”

सुतारानं दुसरीकडे पाहिलं. रंगाऱ्यानं नाक पुसायला हात काढायला घेतला, मग त्याच्या लक्षात आलं की हात काढला तर हा पडेल, म्हणून त्यानं नाक तसंच वाहू दिलं.

“जड झालो का?” फरशीवाल्यानं विचारलं.

“लई,” रंगारी म्हणाला.

“मग जरा वेळ तसंच धरून ठेवा,” फरशीवाला म्हणाला. “मला अजून बघायचंय.”

त्यांनी धरून ठेवलं.